डिलक्स रिव्हर्ब, मुंबईची हवा आणि २३० व्होल्ट

फेंडरचा सिल्व्हर फेस, म्हणजे चंदेरी पॅनेलचा, डिलक्स रिव्हर्ब हा गिटारचा ॲम्प. बारा इंची एक स्पीकर, स्पीकरला ताकद देणारे दोन ६व्ही६ आउटपुट व्हॉल्व्ह (काचेच्या नळ्या), सुमारे २२ वॅट, वजन एकोणीस किलोच्या आसपास. गिरगावातल्या एका घराच्या माळ्यावर तो कित्येक पावसाळे पडून होता. जूनमध्ये खाली उतरवला तेव्हा बाहेरच्या टॉलेक्सवर, म्हणजे व्हायनिलच्या आवरणावर, पांढरी बुरशी होती, कोपऱ्यांच्या पत्र्यांना गंज चढला होता आणि आतून ओल्या गोणपाटासारखा वास येत होता. असा ॲम्प हाती आला की पहिला मोह होतो सगळे जुने पार्ट काढून नवे टाकण्याचा. तो आवरायचा. या ॲम्पचा आवाज ज्या पार्टमध्ये आहे ते पार्ट आता पुन्हा बनत नाहीत.

आम्ही ठरवून टाकलं होतं. जिवाशी गाठ असलेल्या गोष्टी, म्हणजे मेन्स कॉर्ड, अर्थिंग, फ्यूज, न मोजता बदलायच्या. इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर (आत द्रव असलेले, वयाने सुकणारे) वयामुळेच बदलायचे. बाकी एकही पार्ट मीटर लावल्याशिवाय काढायचा नाही.

आधी वय. पॉटच्या, म्हणजे व्हॉल्यूम-टोनच्या बटणामागच्या पार्टच्या, पाठीवर १३७७२१८ असा शिक्का होता. १३७ म्हणजे सीटीएस ही बनवणारी कंपनी, ७२ हे वर्ष, १८ वा आठवडा. ट्रान्सफॉर्मरवर ६०६-२-१५: ६०६ म्हणजे शूमाकर, २ हा वर्षाचा शेवटचा आकडा, १५ वा आठवडा. स्पीकरच्या फ्रेमवर ४६५-२२६, म्हणजे ऑक्सफर्ड. वर्षाचा एकच आकडा असला की १९६२ की १९७२ असा घोळ होतो, तो पॉटवरून सुटतो. तीनही तारखा एकमेकींशी जुळल्या, म्हणजे ॲम्प १९७२ च्या मध्यानंतरचा आणि ट्रान्सफॉर्मर, स्पीकर मूळचेच. हे कळल्यावर हात आपोआप हळू चालतो.

चासी, म्हणजे सगळं सर्किट बसवलेला पत्र्याचा सांगाडा, बाहेर काढण्याआधी एक सांगायलाच हवं. प्लग काढलेला असला तरी आतल्या फिल्टर कॅपॅसिटरवर, म्हणजे वीज साठवणाऱ्या मोठ्या इलेक्ट्रोलिटिकवर, ४०० व्होल्टच्या वर चार्ज राहू शकतो. १० किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर घ्यायचा, त्याला एका बाजूला क्रोकोडाइल क्लिप आणि दुसऱ्या बाजूला इन्सुलेशन असलेला प्रोब जोडायचा. क्लिप चासीला, प्रोब कॅपॅसिटरच्या पॉझिटिव्हला, पाच सेकंद. मग मीटरने शून्य झालंय का ते बघायचं. पाचही कॅपॅसिटरवर हेच. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडून डिस्चार्ज करायची सवय असेल तर ती सोडा. त्यात टोक वितळतं आणि कॅपॅसिटरलाही धक्का बसतो. एक हात खिशात ठेवून काम करायची जुनी शिकवण इथे शब्दशः पाळायची.

स्क्रू काढताना प्रत्येक स्क्रू कागदावर टोचून ठेवला. त्यांचे आटे इंची मापाचे असतात. नागदेवी स्ट्रीटला शोधलं तर इंची स्क्रू मिळतात, पण एम५ बसतोय असं वाटून दाबून फिरवलं की चासीचे आटे गेले.

मेन्सपासून सुरुवात केली. ॲम्पला मूळ दोन पिनांची अमेरिकन वायर होती आणि मागे ग्राउंड स्विच. त्या स्विचवरून मेन्सची एक तार ०.०४७ मायक्रोफॅरडच्या कॅपॅसिटरमधून चासीला जाते. हा कॅपॅसिटर शॉर्ट झाला की चासी, गिटारच्या तारा आणि गिटार वाजवणारा, सगळ्यांवर सरळ फेज येते. मेकॅनिक त्याला डेथ कॅप म्हणतात ते उगाच नाही. तो कापून पिशवीत टाकला, स्विच जागच्या जागी रिकामा ठेवला. तीन तारांची नवी कॉर्ड घातली. हिरवी तार चासीला स्वतंत्र बोल्टवर, रिंग लग आणि दातेरी वॉशर लावून घट्ट केली. ट्रान्सफॉर्मरचा बोल्ट त्यासाठी वापरायचा नाही, तो पुढे-मागे सैल होतो. ही तार बाकीच्यांपेक्षा थोडी लांब ठेवायची, म्हणजे कॉर्ड ओढली गेली तर सगळ्यात शेवटी तुटेल. फेज आधी फ्यूजला, फ्यूजमधून स्विचला, मग ट्रान्सफॉर्मरला.

इथे रंगांचा एक सापळा आहे. आपल्याकडच्या जुन्या वायरिंगमध्ये लाल फेज आणि काळी न्यूट्रल. अमेरिकन कॉर्डमध्ये काळी फेज आणि पांढरी न्यूट्रल. लोहार चाळीतून आणलेल्या नव्या केबलमध्ये तपकिरी फेज, निळी न्यूट्रल, हिरवी-पिवळी अर्थ. काळी तार दिसली की हात सवयीने तिला न्यूट्रल समजतो. रंगावर विश्वास न ठेवता कंटिन्युइटी मोजूनच जोडायचं.

आता खरा मुंबईचा प्रश्न: हा ट्रान्सफॉर्मर १२० व्होल्ट, ६० हर्ट्झचा आहे आणि आपण २३० व्होल्ट, ५० हर्ट्झवर राहतो. व्होल्टेज स्टेप-डाऊनने उतरवता येतं, फ्रिक्वेन्सी नाही. ट्रान्सफॉर्मरच्या कोअरमधला (लोखंडी गाभ्यातला) फ्लक्स, म्हणजे चुंबकीय प्रवाह, व्होल्टेज भागिले फ्रिक्वेन्सी या प्रमाणात असतो. १२० भागिले ६० म्हणजे २. तोच ट्रान्सफॉर्मर ५० हर्ट्झवर १२० व्होल्टला लावला तर ते २.४ होतं, म्हणजे वीस टक्के जास्त. कोअरमध्ये तेवढी जागा नसेल तर तो सॅच्युरेट होतो, करंट उसळतो, ट्रान्सफॉर्मर तापतो आणि घुमायला लागतो. बाजारातला ‘२३०चा ११०’ लावून मोकळे झालेले कितीतरी जण दोन तासांच्या रियाजानंतर वार्निशचा वास कसला येतोय म्हणून विचारत येतात.

तर्क करत बसण्यापेक्षा मोजलं. सगळे व्हॉल्व्ह काढले, प्रायमरीला (मेन्सकडच्या वाइंडिंगला) डिमरस्टॅट, म्हणजे व्होल्टेज कमी-जास्त करणारा ट्रान्सफॉर्मर, जोडला आणि सीरिजमध्ये एसी मिलिअँपिअर मीटर लावला. ९० व्होल्टला ७० मिलिअँपिअर, १००ला ९०, ११०ला १३०, ११५ला १७५, १२०ला २६०. सुरुवातीला चढण सावकाश आहे आणि ११५ नंतर आलेख एकदम वर वळतो. तिथे कोअर भरत आला. म्हणजे या ट्रान्सफॉर्मरला मुंबईत ११० व्होल्ट हे सुरक्षित ठिकाण. दुसऱ्या ॲम्पचा आकडा वेगळा येईल, पण मोजायची पद्धत हीच.

लॅमिंग्टन रोडच्या मागच्या गल्लीत वाइंडिंग करणाऱ्यांकडे हे आकडे घेऊन गेलो. त्यांनी पहिल्यांदा सुचवलं ते कुणीही सुचवेल तेच: “साहेब, साठ सायकलचा कोअर आहे, पन्नासवर तापणारच. स्टॅम्पिंग वाढवून नवाच बांधून देतो.” नवा बांधणं चुकीचं नाही. मूळचा जळला असता तर तेच केलं असतं; तेव्हा हाय व्होल्टेज वाइंडिंग, ५ व्होल्ट, ६.३ व्होल्ट आणि बायसचा टॅप, सगळं नीट लिहून दिलं असतं. पण हा धडधाकट होता. “काका, मूळचा हलवायचा नाही. बाहेरून स्टेप-डाऊन द्या. तीनशे व्हीएचा. टॅप तीन काढा, १००, ११० आणि ११५. आणि अर्थ आरपार पाहिजे.” शेवटचं वाक्य दोनदा सांगितलं. बाजारातल्या पुष्कळशा स्टेप-डाऊनला बाहेरच्या बाजूला दोनच छिद्रांचं सॉकेट असतं. ॲम्पला कितीही चांगली तीन तारांची कॉर्ड घातली तरी अर्थ तिथेच तुटते. गायक-गिटारिस्टचा ओठ माइकला आणि बोटं तारांना लागलेली असतात. शॉक बसतो तो अशाच जागी. पत्र्याची पेटी, आत ट्रान्सफॉर्मर, इकडे आपला सहा अँपिअरचा थ्री-पिन, तिकडे अमेरिकन थ्री-पिन सॉकेट, आणि पेटीसकट अर्थ सलग. घरी आणल्यावर प्लगच्या मोठ्या पिनपासून ॲम्पच्या चासीपर्यंत मोजलं: ०.२ ओहम.

मग इलेक्ट्रोलिटिक. डिलक्स रिव्हर्बमध्ये चासीच्या वर पत्र्याच्या झाकणाखाली १६ मायक्रोफॅरड, ४५० व्होल्टचे पाच असतात. पहिले दोन पॅरलल, म्हणजे ३२ मायक्रोफॅरडचा पहिला साठा. मग चोक (लहरी गाळणारी कॉइल), मग उरलेले तीन. आमच्या पाचपैकी तिघांच्या टोकाशी फुगवटा आलेला होता आणि एकाचं पाणी गळून पांढरी खपली धरली होती. हे हळूहळू व्होल्टेज चढवून ‘रिफॉर्म’ करायचा सल्ला मिळतो. इथे तो फारसा चालत नाही, कारण रेक्टिफायर व्हॉल्व्हचा (एसीचं डीसी करणाऱ्याचा) हीटर गरम झाल्याशिवाय तो पुढे काही पाठवतच नाही. डिमरस्टॅट खाली असेपर्यंत काही होत नाही आणि वर आणला की एकदम सगळं व्होल्टेज येतं. पन्नास वर्षांचा कॅपॅसिटर शॉर्ट झाला तर रेक्टिफायर व्हॉल्व्ह आणि पॉवर ट्रान्सफॉर्मर दोन्ही घेऊन जातो. त्यांच्यावर माया करू नये.

नवे किती व्होल्टचे घ्यायचे याकडे लक्ष हवं. चालू स्थितीत ६व्ही६ च्या प्लेटला, म्हणजे हाय व्होल्टेज येणाऱ्या टोकाला, ४१५ व्होल्ट असले तरी लोड नसताना ते ४५० च्या पुढे जातात. म्हणून ५०० व्होल्टचेच घ्यायचे. २२ मायक्रोफॅरड, ५०० व्होल्ट, दोन्ही टोकांना पाय असलेले ॲक्सिअल प्रकारचे बाहेरून मागवले. लॅमिंग्टन रोडला ४५० व्होल्टचे रेडिअल सहज मिळतात, ५०० चे ॲक्सिअल दुर्मीळ. अडलंच तर ४७ मायक्रोफॅरड, ३५० व्होल्टचे दोन सीरिजमध्ये लावायचे आणि प्रत्येकावर २२० किलोओहम, १ वॅटचा रेझिस्टर टाकायचा, म्हणजे व्होल्टेज सारखं वाटलं जातं. साधारण २३ मायक्रोफॅरड मिळतो. जागा मात्र दुप्पट जाते. आणि स्वस्तात मिळाला म्हणून घेतलेला कॅपॅसिटर हातात तोलून बघा. मोठ्या नळीत छोटा कॅपॅसिटर घालून वर नवं कव्हर चढवलेले नग बाजारात फिरतात.

पहिल्या जागी पाहिजे तेवढा मोठा कॅपॅसिटर टाकू नये. रेक्टिफायर व्हॉल्व्हला सुरुवातीचा चार्जिंग करंट सोसावा लागतो. जीझेड३४ ला ६० मायक्रोफॅरडपर्यंत चालतं, ५यू४जीबी ला ४०. आमच्यात जीझेड३४ होता, त्यामुळे दोन बाविशी मिळून ४४ ठीक. आणखी एक: ५यू४ चा हीटर ३ अँपिअर खातो, जीझेड३४ चा १.९. पिना जुळतात म्हणून जीझेड३४ च्या जागी ५यू४ ठोकून दिला तर आधीच ५० हर्ट्झने तापणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर आणखी ओझं पडतं.

बायसचा छोटा कॅपॅसिटर सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात महत्त्वाचा. तो सुकला की बायस, म्हणजे ६व्ही६ च्या ग्रिडवरचा (सिग्नल येणाऱ्या टोकावरचा) निगेटिव्ह व्होल्टेज, घसरतो आणि व्हॉल्व्हच्या प्लेटा लालभडक होतात. मूळच्याच्या जागी ४७ मायक्रोफॅरड, १०० व्होल्टचा टाकला. याचं पॉझिटिव्ह टोक चासीकडे असतं. सवयीने उलटा लावला तर फुटतो, आणि हे चांगल्या चांगल्या हातांकडूनही होतं. कॅथोडवरचे २५ मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचे सगळे बदलले. इथे लॅमिंग्टन रोडवरचे २२ मायक्रोफॅरड, ५० व्होल्टचे बेलाशक चालतात.

एवढं झालं आणि खरं काम सुरू झालं. या ॲम्पमधला बोर्ड काळ्या फायबरचा असतो, मेण पाजलेला, त्यात पार्टचे पाय सोल्डर करायची पितळी छिद्रं, म्हणजे आयलेट. अमेरिकेतल्या कोरड्या घरात तो पन्नास वर्षं टिकतो. मुंबईत जून ते सप्टेंबर तो हवेतलं पाणी पितो, आणि पाणी प्यायलेला फायबर थोडा थोडा करंट वाहून नेतो. दोनशे व्होल्टच्या आयलेटपासून बोर्डातून झिरपत झिरपत ते व्होल्टेज ग्रिडच्या आयलेटपर्यंत पोचतं. ऐकू काय येतं? पॉट फिरवताना खरखर, जी पॉट साफ करूनही जात नाही. ट्रेमोलोची (आवाज लाटेसारखा कमी-जास्त करणाऱ्या सर्किटची) टिकटिक. पाऊस पडत असताना मंद तळणीचा आवाज. लोक पॉट बदलतात, व्हॉल्व्ह बदलतात, कॅपॅसिटर बदलतात. दोष बोर्डात असतो.

तपासायचं असं. ॲम्प चालू, मीटर डीसी व्होल्टवर, काळा प्रोब चासीला. लाल प्रोबचं टोक आयलेटला न लावता दोन आयलेटच्या मधल्या नुसत्या काळ्या बोर्डावर टेकवायचं. तिथे शून्य यायला हवं. जुलैतल्या एका धो धो दिवशी व्हायब्रेटो चॅनलच्या दुसऱ्या व्हॉल्व्हजवळ १.८ व्होल्ट आले, फेज इन्व्हर्टरच्या (दोन ६व्ही६ ना सिग्नल वाटून देणाऱ्या व्हॉल्व्हच्या) बाजूला २.६. मीटरचा स्वतःचा रेझिस्टन्स १० मेगओहम असूनही एवढं दिसतंय, म्हणजे गळती किती ते समजा. जिथे ग्रिडला एक मेगओहमचा रेझिस्टर आहे, तिथे ही गळती व्हॉल्व्हचा ऑपरेटिंग पॉइंटच हलवते.

उपाय धीराचा आहे. ॲम्प बंद, कॅपॅसिटर रिकामे, व्हॉल्व्ह काढलेले. केस वाळवायचा ड्रायर मध्यम आचेवर, बोर्डापासून वीतभर अंतरावरून, एका जागी न थांबवता पुढे-मागे, वीस-पंचवीस मिनिटं. मेण चमकायला लागतं. पृष्ठभागावर आलेलं मेण धूळ धरून ठेवतं आणि त्या धुळीतूनही गळती होते, म्हणून ते सुती कापडाने टिपून घ्यायचं. आयलेटभोवतीचा जुना राळेचा थर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि दात घासायच्या जुन्या ब्रशने साफ करायचा, पुन्हा वाळवायचं. हीट गन वापरू नका; तिने तारांवरचं कापडी आवरण करपतं आणि कॅपॅसिटरही जातात. तीन दिवस रोज एकदा असं केल्यावर १.८ चं ०.०६ झालं, २.६ चं ०.३. खरखर गेली, अगदी मूळच्याच पॉटवर.

०.३ राहिलेल्या जागी बोर्ड बदलायचा मोह होता. नको वाटलं. त्या एका ग्रिडच्या जोडणीचे दोन पाय आयलेटमधून उपसून टेफ्लॉनच्या छोट्या खुंटीवर हवेत जोडले. बोर्डाला स्पर्शच नाही, तर गळणार काय? पूर्ण बोर्ड बदलायची वेळ आलीच तर ३ मिलिमीटरची ग्लास इपॉक्सी शीट घ्यावी. हायलम शीट स्वस्त मिळते, पण तीही कागदावर बांधलेली असते. आपल्या हवेत तिचीही तीच गत.

रेझिस्टर कार्बन कॉम्पोझिशनचे, तपकिरी, अर्ध्या वॅटचे. ओलाव्याने यांची किंमत वर सरकते. बोर्ड वाळवण्याआधी मोजले तर उगाच घाबरायला होतं, वाळवून मग मोजायचे. १०० किलोओहमचे प्लेट रेझिस्टर १०५ ते ११८ च्या दरम्यान होते, ते ठेवले. एक १४७ होता, तो काढला. दुसरा ११० दाखवत होता पण वाजताना चुरचुरत होता. ॲम्प चालू ठेवून बांबूच्या काडीने हलकेच टकटक केल्यावर सापडला. त्या दोन जागी १ वॅटचे मेटल फिल्म टाकले. पाव वॅटचा टाकू नये. त्याला व्होल्टेज सोसण्याची मर्यादा कमी असते. ६व्ही६ च्या सॉकेटवर स्क्रीनचे ४७० ओहमचे दोन असतात, पिन ४ आणि ६ मध्ये. एक ६२० झाला होता, दुसरा करपला होता. दोन्ही नवे.

कपलिंग कॅपॅसिटर, म्हणजे एका व्हॉल्व्हकडून दुसऱ्याकडे फक्त सिग्नल जाऊ देणारे, हे आवाजाचं मर्मस्थान. एकगठ्ठा बदलणारे इथेच ॲम्पचा सूर घालवतात. प्रत्येकाचं ग्रिडच्या बाजूचं टोक सोडवायचं, ॲम्प चालू करायचा आणि त्या सुट्या टोकाला मीटर लावायचा. धड कॅपॅसिटर क्षणभर उसळी दाखवून शून्याजवळ येतो. सगळे आले, एक सोडून: फेज इन्व्हर्टरपासून ६व्ही६ कडे जाणारा ०.१ मायक्रोफॅरडचा. तिथे ३८ व्होल्ट ठाण मांडून बसले. हिशेब केला: एका बाजूला सुमारे २३० व्होल्ट, मीटर १० मेगओहम, म्हणजे कॅपॅसिटरची गळती ५० मेगओहमच्या आसपास. ग्रिडवरच्या २२० किलोओहममध्ये तो एक व्होल्ट सोडतो. एका ६व्ही६ चा बायस एक व्होल्टने घसरला की तोच व्हॉल्व्ह दोन-तीन मिलिअँपिअर जास्त ओढतो, आणि गरम झाल्यावर गळती वाढत जाते. दोन्ही बाजूंचे ०.१, ६३० व्होल्टचे पॉलिएस्टर फिल्म नवे टाकले, जोडी जोडीनेच. बाकीचे सगळे १९७२ चेच राहिले.

सोल्डरिंगबद्दल थोडं. आयलेटला ४०-५० वॅटची आयर्न आणि ६०/४० चं रोझिन कोअर सोल्डर पुरे. पण पॉटच्या मागची पितळी पट्टी आणि चासीवरचे ग्राउंड यांना १०० वॅट लागतात. लहान आयर्न धरून बसलं की सोल्डर वरवर चिकटतं, वर्षभरात ड्राय होतं आणि हमिंग सुरू.

रिव्हर्ब (घुमणारा प्रतिध्वनी) मेला होता. टँकच्या, म्हणजे त्याच्या स्प्रिंगांच्या पेटीच्या, इनपुटला एक ओहमच्या आत रीडिंग यायला हवं, आउटपुटला दोनशेच्या आसपास. आउटपुट ओपन होता. टँकचं झाकण उघडल्यावर दिसलं की कॉइलपासून सॉकेटकडे जाणारी केसासारखी तार हिरवी पडून तुटलीय. भिंगाखाली टोक खरवडून, दुसरी बारीक तार जोडून, सैल वळण ठेवून सोल्डर केली. टँक नवा घ्यायचाच असेल तर क्रमांक ४एबी३सी१बी. यातला ए म्हणजे ८ ओहम इनपुट, बी म्हणजे २,२५० ओहम आउटपुट. ही दोन अक्षरं चुकली तर रिव्हर्ब कुजबुजेल, नाहीतर अजिबात येणार नाही. शेवटचा बी म्हणजे तोंड खाली करून आडवा बसवायचा.

ट्रेमोलो बंद आहे असं कुणी सांगितलं तर आधी फूटस्विच विचारा. या सर्किटमध्ये मागचा आरसीए जॅक ग्राउंड झाल्याशिवाय ट्रेमोलो चालूच होत नाही. शॉर्ट केलेला एक आरसीए प्लग खिशात असावा. आमच्याकडे तो लावूनही हालचाल नव्हती. काळ्या नळीत निऑन दिवा आणि एलडीआर (उजेडाने बदलणारा रेझिस्टर) समोरासमोर बसवलेले असतात, मेकॅनिक ज्याला रोच म्हणतात. नळी कापून बघितलं: निऑन लुकलुकत होता, म्हणजे ऑसिलेटर आणि त्याचे ०.०२, ०.०१, ०.०१ चे तीन कॅपॅसिटर ठीक. एलडीआर अंधारातही ४० किलोओहमच्या वर जाईना. लॅमिंग्टन रोडवरून पाच मिलिमीटरचे दहा एलडीआर आणले, प्रत्येक अंधारात मोजला, आणि १० मेगओहमच्या वर जाणारा निवडला. निऑनसमोर घट्ट बसवून काळी हीट श्रिंक, दोन थर. उजेडाचा एक किरण आत शिरला तरी ट्रेमोलो फिका पडतो.

व्हॉल्व्हपैकी १२एएक्स७ चारही टेस्टरवर उत्तम निघाले. कधी कमी पडलाच तर भारत इलेक्ट्रॉनिक्सचा जुना ईसीसी८३ तिथे सरळ बसतो, आणि तो छान वाजतो. ६व्ही६ ची जोडी थकली होती, ती नवी घेतली. सॉकेटच्या पिनांतला हिरवटपणा काढून त्या बारीक सुईने जवळ आणल्या.

चालू करताना क्रम पाळला. २३० च्या बाजूला साठ वॅटचा पिवळा बल्ब सीरिजमध्ये. आधी एकही व्हॉल्व्ह नाही: बल्ब क्षणभर पेटून विझला, म्हणजे शॉर्ट नाही. मग फक्त रेक्टिफायर, बायस उणे व्होल्टेज दाखवतोय याची खात्री. ते नसेल तर ६व्ही६ लावायचेच नाहीत. मग ६व्ही६, मग बाकीचे, आणि बल्ब काढून ११० च्या टॅपवर. हीटर ६.० व्होल्ट, प्लेट ३९२. ६व्ही६ च्या पिन ८ आणि चासी यांच्यामध्ये एक ओहमचा एक टक्क्याचा रेझिस्टर टाकला होता. त्यावरचा एक मिलिव्होल्ट म्हणजे एक मिलिअँपिअर. ६व्ही६ ची मर्यादा १२ वॅट, तिचे सत्तर टक्के ८.४, भागिले ३९२, म्हणजे २१ मिलिअँपिअर. सिल्व्हर फेसच्या काही आवृत्त्यांत मागचा पॉट बायस कमी-जास्त करत नाही, दोन व्हॉल्व्हमधला समतोल साधतो. यात तसाच होता. पॉट ठेवला, त्याच्यालगतचा ठरावीक रेझिस्टर बदलून २१ वर आणलं आणि पॉटने दोन्ही बाजू सारख्या केल्या: २१.२ आणि २०.८. दीड तासाने पॉवर ट्रान्सफॉर्मर ६१ अंश, खोली ३१.

स्पीकरच्या कोनला एक वीतभर लांब चीर होती. इथले रीकोनिंगवाले पूर्ण कोन बदलून देतात, पण मग ऑक्सफर्डची फक्त फ्रेम आणि मॅग्नेट उरतो. व्हॉइस कॉइल घासत नव्हती, रेझिस्टन्स ६.४ ओहम. पातळ टिश्यू पेपरची पट्टी, निम्मं पाणी घातलेलं फेविकॉल, दोन्ही बाजूंनी एकेक थर, रात्रभर वाळवलं. स्पीकर ज्यावर बसतो ती बॅफल मात्र भुशाच्या फळीची होती आणि फुगून तिचे थर सुटले होते. तिच्या मापाची मरीन प्लायवुड रे रोडच्या लाकूडबाजारातून आणून कापली, मूळचं ग्रिल क्लॉथ सावकाश सोडवून तिच्यावर ताणलं.

आता तो आठवड्यातून निदान एक तास वाजतो. व्हॉल्व्हची ऊबच बोर्ड कोरडा ठेवते. पावसाळ्यात मागच्या पट्टीला आतून सिलिका जेलच्या दोन पुड्या लटकवलेल्या असतात, दर पंधरवड्याला तव्यावर गरम करून परत लावायच्या. काढलेला प्रत्येक पार्ट, त्या डेथ कॅपपासून निकामी एलडीआरपर्यंत, झिपच्या पिशवीत घालून कॅबिनेटच्या तळाशी ठेवलाय. सोबत चिठ्ठी आहे: कुठून काढला, काय मोजलं, जागी काय टाकलं, आणि स्टेप-डाऊनचा टॅप ११० वरच ठेवावा.